हयात काशीनाथरावांचा स्मरणार्थ गतिरोधक

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगर पंचायत कार्यालय, करंजढव,
जि. परभणी.

अर्जदार : सौ. सुनेत्रा अवधूत बोरीकर, पदार्थविज्ञान शिक्षिका,
रा. शारदा कॉलनी, मोंढा गल्ली, करंजढव.

विषय : मोंढा गल्लीतील स्मरणार्थ गतिरोधकांमधून रुग्णवाहिकेच्या चाकांपुरती वाट करून मिळणेबाबत, तसेच त्यांपैकी एका गतिरोधकावर ज्यांचे नाव आहे ते गृहस्थ हयात असल्याची नोंद घेणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा याच विषयावरील मागील अर्ज (खिडकीवरूनच परत).
२) आपल्या कार्यालयाचे तोंडी उत्तर : "आधी गल्लीची संमती आणा."

महोदय,

१. प्रारंभी भाषेविषयी एक खुलासा. मागील अर्ज आपल्या आवक खिडकीवरील लिपिक श्री. योगीराज यांनी उभ्या उभ्या वाचला आणि परत दिला. त्यांचे म्हणणे असे की, "म्याडम, ह्याच्यात मी-मी लय झालंय. साहेबांना वाटंल घरचं भांडण हाय. अर्जदार म्हणा, म्हंजी सरकारी वाटतंय." सूचना योग्य वाटल्याने या अर्जात अर्जदारास सर्वत्र अर्जदार म्हटले आहे. इतरांचे बोलणे मात्र जसे झाले तसेच दिले आहे, कारण ते शुद्ध केले असता त्यातला अर्थ कमी होतो, असा अनुभव आला.

२. मोंढा गल्लीचे एक तोंड सेलू रस्त्यावर उघडते व दुसरे मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे. मोंढ्याच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेला असल्याने तिकडून फक्त दुचाकी निघते. चारचाकी वाहनास आत येण्याचा व बाहेर पडण्याचा मार्ग सेलू रस्त्याकडूनच आहे. अर्जदाराचे घर खांबापाशी, म्हणजे गल्लीत सर्वांत आत आहे. पुढील सर्व घटना समजण्यासाठी एवढा भूगोल पुरेसा आहे.

३. मागील उन्हाळ्यात मोंढ्याकडे धावणाऱ्या मोटारसायकलींचा वेग फार वाढला होता. एके दिवशी श्रीमती सुलाबाई यांनी रस्त्याच्या कडेला साडी अंथरून वाळत घातलेल्या उडदाच्या पापडांवरून एक मोटारसायकल या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. सुलाबाईंनी ते पापड टाकले नाहीत. तळल्यावरही त्यांवर टायरची नक्षी स्पष्ट दिसत होती आणि गल्लीतील प्रत्येक घरी ते वानगीदाखल पोहोचवण्यात आले. त्यामुळे गतिरोधकाच्या मागणीवर कोणाचेही दुमत राहिले नाही. आपल्या कार्यालयाने तत्परतेने गल्लीच्या तोंडाशी, आडत व्यापारी श्री. बन्सीधर यांच्या घरासमोर, एक गतिरोधक करून दिला. त्याबद्दल गल्ली आभारी आहे. प्रकरण येथेच थांबले असते तर हा अर्ज लिहावा लागला नसता.

४. आपल्याकडील एक रीत येथे नमूद करणे आवश्यक आहे. घरातील कोणी वारले की त्यांच्या नावाने गावाला काही तरी द्यावे, ही चांगली रीत आहे. बसस्थानकावरचे बाक, पाणपोईचे रांजण, स्मशानातील नळ हे सर्व कोणाच्या ना कोणाच्या स्मरणार्थ आहेत. अर्जदाराच्या शाळेतील पंख्यांच्या पात्यांवर देणगीदारांच्या वडिलांची नावे आहेत. पंखा फिरू लागला की नाव दिसत नाही, वीज गेली की दिसते. म्हणजे करंजढवात ती नावे पुष्कळ वेळ वाचता येतात. याच रीतीने श्री. बन्सीधर यांनी पेंटर बोलावून आपल्या कार्यालयाने केलेल्या गतिरोधकावर पांढऱ्या रंगात लिहवून घेतले : 'कै. मुंजाजीराव यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट'. डांबर नगर पंचायतीचे, रंग बन्सीधर यांचा आणि स्मरण मुंजाजीरावांचे, असा तो तिघांचा मिळून गतिरोधक झाला.

५. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारच्या श्रीमती दैवशालाबाई ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "बन्सीभाऊच्या वडलाचा उंचवटा, आन आमच्या मालकाचा काय खड्डा व्हय?" त्याच आठवड्यात मोंढ्याच्या रस्त्याचे काम चालू होते. तेथील कामगारांना दैवशालाबाईंनी चहा पाजला, धपाटे खाऊ घातले आणि उरलेले डांबर घरासमोर ओतून घेतले. मग ज्यांच्या ज्यांच्या घरी कोणी वारलेले होते, त्या त्या घरी कामगारांसाठी चहाचे आधण चढले. एका घरी कोणी वारलेले नव्हते. त्यांनी आजोबांच्या बैलाच्या नावाने केला.

६. पावसाळा लागण्यापूर्वी गल्लीत चौदा गतिरोधक झाले होते. त्यांची उंची वाहतुकीच्या नियमाप्रमाणे नसून नात्याप्रमाणे आहे. थोरल्या भावाचा धाकट्यापेक्षा उंच, आणि वडिलांचा त्या दोघांपेक्षा उंच. एका घरी सासू व सून दोघींचे आहेत. तेथील उंचीविषयी तडजोड न झाल्याने दोन्ही अद्याप वाढत आहेत. अर्जदाराने शाळेची मोजपट्टी लावून पाहिली, तेव्हा सर्वांत उंच गतिरोधक गुडघ्याला थोडा कमी भरला. त्यावरून जीप गेल्यास काही क्षण तिची पुढची व मागची दोन्ही चाके अधांतरी राहतात आणि जीप मधोमध टेकून डुलते. विद्यार्थ्यांना तरफेचा टेकू समजावून सांगण्यासाठी अर्जदाराने या दृश्याचा एकदा उपयोग केला आहे, हे ती प्रामाणिकपणे नमूद करते.

७. नाव लिहिल्यामुळे दुसरी अडचण उभी राहिली. नावावर पाय कसा द्यायचा, आणि चाक तर कसेच न्यायचे? ज्या वस्तूवरून वाहने जावीत म्हणूनच ती केली, तिच्यावरून वाहन गेले की घरातून माणूस बाहेर येऊ लागला. दैवशालाबाई दिवसभर ओट्यावर शेंगा फोडत बसतात. कोणी आले की त्यांचा आवाज येतो, "ए भाऊ, मालकाच्या अंगावरून गाडी घालायलास का? उतर खाली, ढकलीत ने." मोटारसायकलस्वार उतरतो, पायातली चप्पल काढतो, एका हातात चप्पल व एका हातात गाडी धरून पलीकडे जातो, चप्पल घालतो आणि पुढच्या गतिरोधकाशी पुन्हा काढतो. वाहतूक मंदावण्याचा मूळ उद्देश अपेक्षेपलीकडे साध्य झाला आहे, हे अर्जदार नाकारत नाही. सुलाबाईंचे पापड आता सुरक्षित आहेत.

८. आता मुख्य घटना. अर्जदाराचे सासरे श्री. काशीनाथराव बोरीकर हे रेल्वेचे निवृत्त गेटमन आहेत. पूर्णेकडच्या मार्गावरील फाटकावर त्यांची सारी नोकरी झाली. मागील पितृपक्षात एका दुपारी जेवण झाल्यावर त्यांच्या छातीत कळ आली व डाव्या हाताला मुंग्या आल्या. अर्जदाराचे पती कामानिमित्त परभणीस होते. अर्जदाराने रुग्णवाहिकेस दूरध्वनी केला. रुग्णवाहिका अपेक्षेपेक्षा लवकर आली आणि गल्लीच्या तोंडाशी, पहिल्याच गतिरोधकापाशी थांबली.

९. थांबण्याचे कारण गतिरोधकाची उंची हे नव्हते. त्या दिवशी कै. मुंजाजीरावांची तिथी होती. बन्सीधर यांनी पितरांचे पान गच्चीवर न ठेवता गतिरोधकावर ठेवले होते, कारण त्यांच्या मते दादांचे, म्हणजे वडिलांचे, ठिकाण आता तेच. पानावर खीर, वडे, भात, भाजी सर्व होते. कावळा शिवला नव्हता. घरातील सर्व मंडळी हात जोडून रस्त्यात उभी होती आणि कावळा समोरच्या विजेच्या तारेवर बसून पानाकडे पाहत होता.

रुग्णवाहिकेचे चालक श्री. धम्मपाल यांनी खिडकीतून विनंती केली. बन्सीधर म्हणाले, "ड्रायवरसाहेब, थोडं थांबा. आलाच बघा. दादांची काही तरी इच्छा राहिलेली दिसतीय."

धम्मपाल म्हणाले, "काका, तुमच्या दादांची राहिली ती राहिली. आत एका दादाची राहू न्हाई म्हणून म्या आलोय."

"ते बी खरंय. पण पान वलांडून गाडी नेली तर आमच्या पिढीला दोष लागंल."

"मंग पान उचला अन् जरा बाजूला ठेवा."

"ठेवलेलं पान उचलत्यात का कुठं?"

यावर धम्मपाल यांनी सायरन वाजवला. कावळा उडाला. घरातील मंडळी एकदम चालकावर तुटून पडली. आता कावळा परत आणायचा तर शांतता हवी, म्हणून सायरन बंद करवण्यात आला. अर्जदार हे सर्व धावत येऊन प्रत्यक्ष पाहत होती. तेथे बोललेली वाक्ये तिला अद्याप पाठ आहेत. अर्जदाराने त्या प्रसंगी काय म्हटले ते मात्र ती या अर्जात लिहू इच्छित नाही, कारण ती शिक्षिका आहे.

१०. रुग्णवाहिकेचे स्ट्रेचर चाकांचे असल्याने ते चौदा गतिरोधकांवरून नेण्यात अर्थ नव्हता. शेवटी गल्लीतील चौघांनी घरातील बाज उचलली आणि काशीनाथरावांस तिच्यावर घालून खांद्यावरून तोंडाकडे नेले. ऊन होते म्हणून अर्जदाराने त्यांच्या तोंडावर पांढरा पंचा टाकला. ही एक गोष्ट टाळता आली असती. पंच्याखालून काशीनाथराव सांगत होते, "अरे खांद्यावर नका घेऊ! हातात धरा, हातात! म्या अजून हाय!" परंतु ते मोठ्याने बोलू शकत नव्हते, आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर लोक आधीच उभे राहून हात जोडू लागले होते. बाज पहिल्या गतिरोधकाशी पोहोचली तेव्हा बन्सीधर यांनी मोठ्याने नवस बोलला, "दादा, उंचवट्यावर अजून एक थर चढवतो!" आणि त्याच क्षणी कावळा शिवला. सायरन त्याआधीच बंद झालेला होता. यातून कोणताही कार्यकारणभाव अर्जदार काढत नाही. थर मात्र चढवण्यात आला आहे.

११. काशीनाथरावांना सेलूच्या दवाखान्यात वेळेत उपचार मिळाले व ते वाचले. डॉक्टरांनी सोडताना स्पष्ट सांगितले की असा झटका पुन्हा येऊ शकतो, आणि तो आल्यास प्रत्येक क्षण महत्त्वाचा राहील. "औषधं चालू ठेवा, जिना चढू नका, आणि रस्त्याचं तेवढं बघून घ्या," हे त्यांचे शब्द.

१२. रस्त्याचे गल्लीने आधीच पाहून घेतले होते. काशीनाथरावांना रिक्षाने घरी आणले, तेव्हा अर्जदाराच्या घरासमोर एक नवीन, ताजा गतिरोधक होता. ज्या पंच्याविषयी वर लिहिले आहे, त्याचा हा परिणाम. गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर श्रद्धांजलीचा संदेश गेला होता आणि शाळेतल्या सहकाऱ्यांनी दोन मिनिटे स्तब्धता पाळली होती. सर्वांना फार वाईट वाटल्यामुळे वर्गणी न मागता, खड्डे बुजवणाऱ्या कामगारांना गाठून, हे काम करण्यात आले होते. त्यावर लिहिले होते : 'कै. काशीनाथराव बोरीकर यांच्या स्मरणार्थ, समस्त गल्लीकर'. रिक्षा त्यावरून गेली, काशीनाथराव उसळून पुन्हा आसनावर आले, खाली उतरले, खिशातून चष्मा काढून त्यांनी ते वाचले आणि म्हणाले, "अक्षर चांगलं काढलंय."

१३. गल्लीकरांनी माफी मागितली. दैवशालाबाई रडल्या व नंतर म्हणाल्या, "काशीनाथकाका, असू द्या आता. आज न्हाई तर उद्या लागणारच हाय की." अर्जदाराने दुसऱ्याच दिवशी तो गतिरोधक काढण्याविषयी बोलणे सुरू केले. तेव्हा असे लक्षात आले की सर्वांत मोठा विरोध घरातूनच आहे.

१४. काशीनाथरावांनी त्या गतिरोधकाशेजारी खुर्ची टाकली आहे. सकाळ-संध्याकाळ ते तेथे बसतात. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत असे : "जल्मभर फाटक पाडलं, तर लोक आईमाईवरून बोलायचे. आता बसल्या जागी गाड्या थांबायल्यात, वरून हात जोडायल्यात. हे सुख कुणी सोडतंय का?" बाहेरगावचे कोणी आले व नाव वाचून "हे काशीनाथराव कोण होते हो?" असे विचारले, तर ते स्वतःच उत्तर देतात, "लय चांगला माणूस होता. तोंडाचा जरा फटकळ, पण मनाचा मोठा." एकदा एका गृहस्थाने "कशाने गेले?" असे विचारले. त्यावर त्यांनी विचार करून "रस्त्याने," असे उत्तर दिले. अर्जदार ते ऐकत होती व तिला हसू आले नाही.

१५. त्यानंतर अर्जदार आपल्या कार्यालयात आली. तेथील अडचण अशी सांगण्यात आली : स्मारक हलवायचे तर ज्यांचे आहे त्यांच्या वारसांची संमती व मृत्यूचा दाखला लागतो. काशीनाथरावांचा मृत्यूचा दाखला अर्जदार आणू शकली नाही. तिने त्यांचा बँकेत दिलेला हयातीचा दाखला दाखवला. श्री. योगीराज यांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "हे चालतंय, पण मंग ते स्वतः जिवंत हायत, तर वारस म्हणून तुमी कशा आल्या? त्यांनाच घेऊन या." अर्जदाराने सांगितले की ते यायला तयार नाहीत. योगीराज म्हणाले, "मंग त्यांची संमती न्हाई. संमती न्हाई म्हणल्यावर स्मारक हाय तसं ऱ्हाणार." यात तर्काची चूक कोठे आहे ते अर्जदारास अद्याप सापडलेले नाही, परंतु ती असावी.

१६. आपल्या तोंडी उत्तराप्रमाणे (संदर्भ २) अर्जदाराने गल्लीची बैठक घेतली. सर्व रहिवासी गतिरोधक काढण्यास एकमताने तयार झाले. फक्त प्रत्येकाने आपला सोडून इतरांचे काढावेत असे सुचवले. बन्सीधर यांनी जो मुद्दा मांडला त्यावर बैठक थांबली. ते म्हणाले, "सुनेत्रावैनी, तुमचं सगळं पटतंय. पण काशीनाथकाका जित्ते असून हो म्हणत न्हाईत. आमचे तर गेलेले. त्यांना आमी कुठं जाऊन विचारायचं?" म्हणजे चौदा दिवंगत व्यक्ती (त्यांतील एक बैल) आणि गल्लीचा मार्ग हे सर्व एका हयात माणसाच्या होकारावर येऊन थांबले. ज्याच्यासाठी रुग्णवाहिका हवी, तोच तिच्या वाटेत खुर्ची टाकून बसला होता.

१७. गतिरोधक पूर्ण उखडणे हा मार्ग बंद दिसल्याने अर्जदाराने दुसरा विचार केला. धम्मपाल यांची रुग्णवाहिका नगर पंचायतीसमोर उभी असताना तिच्या दोन चाकांमधील अंतर व गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची तिने मोजली. प्रत्येक गतिरोधकात दोन्ही बाजूंना चाकाच्या रुंदीहून थोडी अधिक अशी सपाट वाट कापली व मधला उंचवटा गाडीच्या तळाला लागणार नाही इतका खाली आणला, तर रुग्णवाहिका न थांबता सरळ आत येते. मोटारसायकलीही या वाटेतून जातील, ही शंका सुलाबाईंनी त्वरित काढली व ती रास्त आहे. त्यासाठी वाटेत बारीक खडबडीत पट्टे टाकावेत. दोन चाकांवरच्या माणसाला ते हातापर्यंत जाणवतात, रुग्णवाहिकेला फारसे नाही.

कापलेल्या वाटांच्या मध्ये जो भाग उरतो, त्यावर नाव राहते. पेंटरने अक्षरे थोडी लहान काढावीत एवढेच. हे अर्जदाराने दैवशालाबाईंना खडूने रस्त्यावर आखून दाखवले. त्यांनी वाकून दोन्ही रेघा पाहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी मालकाच्या अंगावरून न्हाई, एक चाक हिकडून न् एक चाक तिकडून? नावाला चाक लागतच न्हाई?" अर्जदार हो म्हणाली. त्या म्हणाल्या, "मंग हे उंचवटे करायच्या आधी का न्हाई सांगितलं, बाई? कवाधरनं वरडून वरडून माझा घसा गेला." त्यांनी सर्वांत प्रथम अंगठा दिला. सही येत असूनही अंगठा दिला, कारण त्यांच्या मते अंगठा जास्त पक्का असतो. त्यांच्यामागून बहुतेकांनी दिले. बन्सीधर यांनी वरच्या थराची नवसाची गोष्ट काढली, परंतु चढवलेला थर उंचीतून काढून रुंदीत घालावा, कावळ्याने उंची सांगितलेली नव्हती, असे त्यांच्याच सौभाग्यवतींनी सुचवल्यावर तेही तयार झाले.

१८. राहिले काशीनाथराव. त्यांना आकृती दाखवून उपयोग नव्हता. ते आकृतीकडे पाहून मान हलवतात आणि खुर्ची पुन्हा तेथेच लावतात. एका संध्याकाळी अर्जदार त्यांच्याजवळ पायरीवर बसली व तिने विचारले की, मामा, फाटक बंद असताना कधी दवाखान्याला निघालेली गाडी येऊन थांबली होती का?

त्यांनी खुर्ची थोडी तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "एकदा. मालगाडी यायची होती. बैलगाडीत बाई अडलेली. तिचा नवरा पाया पडायला, फाटक उघडा म्हणून. म्या न्हाई उघडलं. उघडता येतच नव्हतं. गाडी दिसायलीच होती." अर्जदाराने विचारले, पुढे काय झाले? "गाडी गेली तसं म्या पळत जाऊन फाटक उचललं. ती बाई सुखरूप सुटली म्हणं. पण तो नवरा ज्या नजरेनं बघायला होता ना सुनेत्रा, ती नजर अजून हाय हितं." त्यांनी छातीवर हात ठेवला. तो हात नेमका जेथे दुखते तेथे होता.

नंतर ते गल्लीच्या तोंडाकडे, बन्सीधर यांच्या गतिरोधकाकडे पाहत म्हणाले, "पण तवा पाठीमागून रेल्वे तरी येत होती. त्या दिवशी ती धम्मपालची गाडी उभी केली, तवा काय येत होतं? कावळा?"

त्यांनी खुर्ची उचलून ओट्यावर ठेवली.

१९. काशीनाथरावांची संमती दोन अटींवर आहे. अर्जदाराच्या मते दोन्ही मान्य करण्यासारख्या आहेत. पहिली, त्यांच्या गतिरोधकावरील 'कै.' हे अक्षर पुसावे, परंतु पेंटरने तेवढी जागा मोकळी सोडावी. "उद्याला पुन्हा पेंटर बोलवायची दगदग कशाला," असे ते म्हणाले. दुसरी अट अशी की, वाटा कापून झाल्यावर रुग्णवाहिका आत आणून पाहण्याची जी चाचणी होईल, त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी उभे राहून तिला हिरवी झेंडी त्यांनीच दाखवायची. झेंडी त्यांच्याजवळ आहे. निवृत्तीच्या वेळी ती परत करायची राहून गेली होती. या बाबीचा उल्लेख आपण रेल्वेकडे करू नये, ही वेगळी विनंती.

२०. हे काम तातडीचे असण्याचे कारण पुढीलप्रमाणे. एप्रिलमध्ये अक्षय्य तृतीया आहे. त्या दिवशी पितरांचे पान ठेवण्याची रीत आहे, आणि पितृपक्षाप्रमाणे ज्याची त्याची तिथी वेगळी नसून सर्वांचा दिवस एकच आहे. म्हणजे बन्सीधर यांच्या घरापासून अर्जदाराच्या घरापर्यंत एकापुढे एक चौदा पाने रस्त्यात मांडली जातील. गावात तेवढे कावळे नाहीत. मोंढ्यामागच्या कडुलिंबावर जे आहेत, ते अर्जदाराने पाहिले आहेत. ते एका दिवसात चौदा ठिकाणी जेवतील, अशी त्यांची प्रकृती दिसत नाही. त्या दिवशी जर काशीनाथरावांच्या छातीत पुन्हा कळ आली, तर पुढे काय होईल ते सांगण्यास पदार्थविज्ञानाची गरज नाही. वाटा कापल्या की पाने मधल्या भागावर राहतील, कावळे आपल्या सवडीने येतील आणि गाडी दोन्ही बाजूंनी निघून जाईल. कोणाच्याही पितराला खोळंबा नाही आणि कोणालाही नव्याने पितर व्हावे लागणार नाही.

२१. सबब विनंती की, अक्षय्य तृतीयेपूर्वी मोंढा गल्लीतील सर्व गतिरोधकांत सोबतच्या आकृतीप्रमाणे चाकांची वाट कापून द्यावी. या गल्लीत यापुढे उरलेले डांबर ओतू नये, अशी सक्त ताकीद कामगारांना द्यावी, आणि त्यांनी येथे चहा घेऊ नये असेही सांगावे. श्री. काशीनाथराव बोरीकर हे हयात आहेत, याची आपल्या दप्तरी नोंद घ्यावी व शक्य तितके दिवस ती तशीच राहू द्यावी.

हा अर्ज लांबला याची अर्जदारास जाणीव आहे. गल्लीही पूर्वी एवढी लांब वाटत नव्हती.

आपली नम्र, आतल्या टोकाची रहिवासी,

(सही)
सौ. सुनेत्रा अवधूत बोरीकर
करंजढव, दि. ९ मार्च २०२६

सोबत :
१) चाकांच्या वाटेची आकृती, मापांसह.
२) रहिवाशांच्या सह्या व अंगठे. (बैलाच्या वतीने आजोबांच्या नातवाची सही आहे.)
३) श्री. काशीनाथराव यांचा हयातीचा दाखला, छायाप्रत.
४) श्री. काशीनाथराव यांचे संमतीपत्र. त्याखाली त्यांनी स्वतःच्या हाताने वाढवलेला मजकूर अर्जदाराने खोडलेला नाही, तो असा : "चाचणीच्या दिवशी गाडीत पेशंट म्हणून मीच असलो तर झेंडी आतून दाखवीन. खिडकी उघडी ठेवावी."